सांगितलं तिथेच

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुझं टक्कल बघता बारक्या म्हणणं आता शोभत नाही, पण कागद समोर घेतला आणि हातून तेच उमटलं. राहू दे.

पत्र लिहिण्यास कारण की, अशी सुरुवात करायला आपल्याला शाळेत शिकवलं होतं. कारण आहे, पण त्याला एकदम हात घालायची हिंमत नाही, म्हणून आधी खुशाली. मी बरी आहे. उजवा गुडघा कुरकुरतो, मी त्याला ओरडते, मग आम्ही दोघं गप्प बसतो. दुकान चालू आहे. नवे कपडे आता कोण शिवून घेतंय? चेन बदलायची, पँट आखूड करायची, लग्नाआधी ब्लाउज सैल करायचा आणि लग्नानंतर आणखी सैल करायचा. बाबांच्याच मशीनवर बसते. त्यांची मोठी कात्री मागच्या आठवड्यात धार लावून आणली. धारवाला म्हणाला, विकता का? मी त्याच्याकडे असं काही बघितलं की बिचाऱ्याने कात्री फडक्यात गुंडाळून मुकाट्याने हातात दिली.

मुलं काय म्हणतात? थोरलीला अजून गणिताची भीती वाटते का? तिला म्हणावं, आत्याला विचार. माप घेताघेता माझं गणित झालं तेवढं पुरे होईल तिला.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. गोड आहे रे पोरगी. गुडघ्याची चौकशी केली, औषधाचं नाव सांगितलं, आणि शेवटी चाचरत म्हणाली, "ताई, हे म्हणत होते, रविवारी तुमच्याकडे मतदान आहे ना, तर ताईला सांग, या वेळी तरी फक्त स्वतःचंच मत दे." मग लगेच म्हणाली, "मी नुसता निरोप दिला हं." मी हसले. फोन ठेवला आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटचा डावा पाय उजव्याला शिवून टाकला. उसवत बसले मग तासभर.

टोमणा चांगला होता. तुझे पहिल्यापासून चांगलेच असतात.

बाबा गेले त्या दिवशी, माणसं अजून अंगणात उभी होती, तेव्हा तू सगळ्यांदेखत म्हणालास, "आंधळ्या माणसाच्या हातातलं मत काढून घेतलंस तू. बापाला फसवलंस." तू त्यानंतर आला नाहीस. तीन वर्षं होतील आता. तू तिथे जे बोललास ते गल्लीभर झालं, आणि गंमत बघ, लोकांनी मला वाईट म्हटलं असतं तर मी सोसलं असतं. लोक मला शाबासकी देतात! कालच बेकरीवाले काका आले होते. आठवतात ना? घट्ट पँटवाले. त्यांचा हात आता फार कापतो, चहाची बशी धरवत नाही. म्हणाले, "रविवारी माझ्याबरोबर आत चल. मला शिक्का धरता येत नाही. तू मार तुझ्या मनाने, मला त्यातलं कळत नाही. बाबांच्या वेळी केलंस ते बरंच केलंस. म्हातारं माणूस, चुकत होतं."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही सांगाल तिथे मारीन. सांगणार नसाल तर दुसरं कुणी बघा." मग त्यांच्या पुढ्यात मला रडू आलं, त्यांना वाटलं गुडघा दुखतोय, ते मला बस बस म्हणायला लागले.

म्हणून लिहायला बसले. तेव्हा कारण हे.

घट्ट पँटची गोष्ट तुला आठवत असेल. काकांनी साखरपुड्यासाठी पँट टाकली आणि म्हणाले, अंगासरशी हवी, जराही ढिली नको. बाबा म्हणाले, "खाली बसता येणार नाही तुम्हाला." काका म्हणाले, "मी बसणारच नाही." बाबांनी दुसऱ्यांदा शब्द काढला नाही. काका म्हणाले तशीच शिवली, आणि शिवली अशी की एक टाका वाकडा नव्हता. साखरपुड्यात काका सासूच्या पाया पडायला वाकले आणि पुढचं सगळ्या हॉलने ऐकलं. दुसऱ्या दिवशी पँट घेऊन आले तेव्हा आपण दोघं कापडाच्या गठ्ठ्यामागे तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. बाबांनी पँट हातात घेतली, उलटी केली, शिवण बघितली, आणि एवढंच म्हणाले, "परवा या." आपल्यासमोर कधी म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं. मी विचारलं होतं त्यांना, तुम्हाला माहीत होतं तर थोडी सैल का नाही कापलीत? त्यांना कुठे कळणार होतं? तर म्हणाले, "अंग त्याचं, कापड त्याचं. आपण एकदा सांगायचं, मग टाका सरळ घालायचा."

दुकानात गिऱ्हाईक आलंय. उरलेलं उद्या लिहिते.

शनिवार

काल गिऱ्हाईक गेल्यावरही मी बसले नाही. टाळत होते, खोटं कशाला बोलू.

त्या निवडणुकीचं तुला मी फोनवर सांगायचे, पण तू इथे नव्हतास, म्हणून पहिल्यापासून सांगते. बाबांची नजर तोवर पार गेली होती. आणि नजर गेली की माणसाला कुणी विचारत नाही रे. दुकानात बाबा खुर्चीवर बसलेले असायचे आणि लोक मला विचारायचे, "यांना चहा चालतो का?" डॉक्टर मला विचारायचे, "यांना झोप लागते का?" बाबा तिथेच, हातभर अंतरावर. नुसता टेप गुंडाळायचे आणि उलगडायचे.

प्रचारात दोघंही उमेदवार दुकानात येऊन गेले. आधी आल्या शाळेच्या बाई. चांगल्या बाई. तू त्यांच्या हातचा मार खाल्ला आहेस. कोपऱ्यावरचा दवाखाना कसा टिकवायचा, पाण्याचं काय करायचं, सगळं छापून आणलं होतं त्यांनी. ते मला समजावून सांगितलं, आणि जाताना बाबांकडे बघून मला विचारलं, "यांना ऐकू येतं ना?"

मग आला तो हातमिळव्या. नाव मीच ठेवलंय, दिसेल त्याचा हात हातात घेतो म्हणून. तो सरळ बाबांसमोर खाली उकिडवा बसला. त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "मास्तर, माझ्या वडिलांचा कोट तुम्ही शिवला होतात. अजून आहे. तुम्ही सांगा, गावाला काय हवं?" बाबा पाच मिनिटं बोलले त्याच्याशी. कितीतरी महिन्यांत एवढं कुणाशी बोलले नव्हते. तो मान हलवत होता, बाबांना ते दिसत नव्हतं, पण तो हूं हूं म्हणत होता.

त्याने काही लपवलं नव्हतं हं. गल्लीबोळातले छोटे दवाखाने बंद करणार आणि हमरस्त्याला एक मोठ्ठं हॉस्पिटल बांधणार, असं भाषणातच सांगायचा. बाबा म्हणाले, मत याला. मी म्हटलं, "बाबा, हॉस्पिटल होईल तेव्हा होईल. दवाखाना आधी जाईल. आत्याचा दमा कोण बघणार?" आपली आत्या तिथेच बटणं लावत होती, ती म्हणाली, "माझं काय मेलं!" बाबा म्हणाले, "सांगितलंस ना? ऐकलं मी. मत माझं आहे ना?"

मी त्या रागात तुला फोन केला होता. आठवतं का तुला, तू काय म्हणालास? हसत म्हणालास, "अगं, त्यांना कुठे दिसतंय? मार की तुझ्या मनाने." मी हे विसरलेले नाही. तू विसरलास.

मतदानाच्या दिवशी बाबांनी स्वतः शिवलेला शर्ट घातला. रांगेत लोक पुढे जा म्हणत होते, ते गेले नाहीत. आत मला सोबती म्हणून उभं केलं आणि तिथल्या साहेबांनी माझ्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं की मतदार सांगेल तिथेच शिक्का मारीन आणि ते कुणालाही सांगणार नाही. मग पडद्यामागे आम्ही दोघंच. मला वाटलं, बाबा माझा हात धरतील, कितवी ओळ म्हणून बोटांनी चाचपतील. त्यांना सहज जमलं असतं, बोटानेच माप घ्यायचे ते. पण मी पहिल्यांदा कापडाला कात्री लावली होती तेव्हा जसे उभे राहिले होते तसेच उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधून. म्हणाले, "कुणाला ते सांगितलंय तुला. मार."

मी शिक्का मारला. घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. पेटीत त्यांनी स्वतः टाकली.

तो आला निवडून. थोड्याथोडक्या नाही, भरपूर मतांनी आला. बेकरीसमोर लोक नाचले. दवाखाना पुढच्या वर्षी बंद झाला. हमरस्त्याच्या जागेला कुंपण घातलं, मोठा फलक लावला, आणि त्या फलकाखाली आता बकऱ्या बसतात.

आत्याचं मी तुला तेव्हा एका वाक्यात सांगितलं होतं. अंत्यविधीला तू उशिरा पोचलास, परत जायच्या घाईत होतास, विचारलं नाहीस. तर ऐक. दुपारची वेळ होती. आत्या दुकानात बसली होती आणि तिला श्वास लागला. पंप मारला, उतार पडेना. मी तिला काखेत धरून कोपऱ्यावर पळाले. दवाखान्याच्या दाराला कुलूप होतं. मला माहीत होतं रे! कितीतरी महिने मी त्या कुलपावरून रोज जात होते. पण पाय तिकडेच गेले. तेवढी मिनिटं माझ्याने फुकट गेली. बाबा काठी आपटत मागून आले. बेकरीवाल्या काकांनी गाडीतले पावाचे ट्रे रस्त्यावरच उतरवले आणि आम्हाला आत घातलं. मागे बाबा बसले, आत्याचं डोकं मांडीवर घेऊन. मी पुढे. पुलावर गाड्याच गाड्या. काका हॉर्नवर हात ठेवून बसले, उचलतच नव्हते. आणि मागून बाबा शांतपणे म्हणाले, "काका, आता हॉर्न वाजवू नका."

आम्हाला कळलं ते असं. त्यांना आधी ऐकू आलं.

मला वाटलं होतं बाबा रडतील. ते रडले नाहीत, जेवायचे थांबले. आत्याचा बटणांचा डबा मांडीवर घेऊन बसायचे, बोटांनी लहानमोठी बटणं वेगळी करायचे आणि परत एकत्र ओतायचे. एकदा म्हणाले, "मीच आणला त्याला." मी म्हटलं, "बाबा, काहीतरीच काय? तो एवढ्या मतांनी आलाय, तुमचं एक नसतं तरी आलाच असता." मला वाटलं, मोठं शहाणपणाचं बोलले. तर ते म्हणाले, "मग मी रांगेत उभा कशाला राहिलो? हॉस्पिटल झालं असतं तर मी सांगत फिरलो असतो, माझं मत होतं म्हणून. चुकलं म्हणून आता माझं नाही?"

त्यांचं खरं होतं. पण ते रोज थोडे थोडे कमी होत होते. खांदे एवढेएवढेसे झाले. मी त्यांचे शर्ट गुपचूप आत घेतले, म्हणजे हाताला लागू नये की सैल झालेत.

आता ते लिहिते.

सकाळी मी त्यांची दाढी करायचे. नजर गेल्यापासून रोज मीच करायचे. तोंडाला साबण लावला होता, वस्तरा उघडला होता, आणि ते म्हणाले, "तू मारलाच नसशील ना त्याच्यावर?" मी म्हटलं, "काय?" ते म्हणाले, "तुला तो आवडत नव्हता. तू हट्टी आहेस. तुझ्या मनाचंच केलं असशील तू. केलंस ना? खरं सांग."

बारक्या, त्यांचा आवाज तू ऐकला नाहीस. ते विचारत नव्हते रे, मागत होते. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि मी म्हटलं, "हो बाबा. मी बाईंवर मारला."

"खरं?"

"खरं."

"मग मी नाही."

"नाही बाबा. तुम्ही नाही."

साबणातून पाणी ओघळलं त्यांच्या. त्या दिवशी ते पोटभर जेवले. मला वाटलं, वाचवलं मी त्यांना. मी पण पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी गरम करून आणलं, तर म्हणाले, "राहू दे. न्हाव्याला बोलाव." मग तुला फोन लावायला सांगितला आणि मला खोलीबाहेर जायला सांगितलं. ते तुला काय म्हणाले ते तू मला पुढे ऐकवलंसच. मी दाराबाहेर उभी होते. तुझ्याशी बोलताना ते हुंदके देऊन रडले. आत्यासाठी नव्हते रडले, आणि मतासाठी रडले.

मी शिक्का हातमिळव्यावरच मारला होता, बारक्या. बाबांनी सांगितलं होतं तिथेच, अगदी चौकोनाच्या मधोमध. मन नको नको म्हणत होतं, आत्याचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं. आणि तरी मारला, कारण ते हात मागे बांधून उभे होते. मी त्यांना फसवलं नाही तिथे. मी त्यांना फसवलं ते खुर्चीत, तोंडाला साबण असताना.

आठवडाभर त्यांचं ते गप्प बसणं मी सोसलं. मग त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. मी खोटं बोलले बाबा, तुम्ही सांगितलं तिथेच मारला होता, शपथ घेते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, सुटले. तर म्हणाले, "पोरी, आता कुठलं खरं मानू? डोळे असते तर तुझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं. आता दोन्ही सारखंच ऐकू येतं."

दाखवायला माझ्याकडे काय होतं? पेटीत पडलेल्या मताला तोंड नसतं. कुणाचं कुठलं ते कळू नये म्हणूनच तर ती पेटी असते. ते गेले ते हे मनात घेऊन गेले, की एक तर आपण बहिणीला मारलं, नाहीतर लेकीने आपल्याला बुद्दू बनवलं. यातलं कुठलं, ते त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. शेवटची दाढीसुद्धा न्हाव्याने केली.

चुकायचा त्यांचा हक्क मी पाळला रे, पण चूक वागवायचा त्यांचा हक्क मी काढून घेतला. ती त्यांची होती. जड होती, पण त्यांची होती, आणि ती उचलायला ते तयार होते. मीच मध्ये पडले, माया म्हणून. एवढ्या वर्षांत एक शिवण त्यांना न विचारता सैल केली मी, आणि नेमकी तीच.

अंगणात तू बोललास तेव्हा मी हे सगळं सांगू शकले असते. नाही सांगितलं, कारण तिथे गल्ली जमली होती आणि मग सगळ्यांना कळलं असतं की आत्याला दवाखाना मिळाला नाही तो बाबांच्याही मताने. त्यापेक्षा मी चोर बरी, असं वाटलं. शिवाय साहेबांसमोर कबूल केलं होतं, कुणाला सांगणार नाही म्हणून. आज ते मोडलं. पण आता ते सगळे "म्हातारं चुकत होतं, पोरीने सावरलं" म्हणतात, आणि मला ते ऐकवत नाही. म्हातारं चुकलं, आणि त्याचं मत मोजलं गेलं. एवढं तरी एका माणसाला माहीत असू दे.

उद्या सकाळी मी काकांना घेऊन जाणार आहे. आज ते परत आले होते. दुकानात बसून बराच विचार केला आणि कुणाला मत द्यायचं ते माझ्या कानात सांगितलं. ज्या माणसाने स्वतःच्या गाडीतून आत्याला नेलं, त्या माणसाने. कुणाचं नाव ते मी तुला सांगणार नाही. एवढंच सांगते की मी त्यांना एकदा समजावलं. ते म्हणाले, "ऐकलं." झालं. मी दुसऱ्यांदा बोलले नाही. घरी येऊन भांडी मात्र जरा जोरात घासली.

तुला हे खरं वाटेल का, ठाऊक नाही. मी दोन्ही सांगून बसलेय. बाबांना माझा आवाज तरी ऐकू येत होता, तुला तोही नाही. माझ्याकडे दाखवायला आजही काही नाही आणि कधी असणार नाही. तू हे पत्र उलटंपालटं करून शिवण तपासशील, मला माहीत आहे, तुझा स्वभावच तो. तपासू नकोस रे. एकदा फक्त बाबांसारखे दोन्ही हात पाठीमागे घे.

गुडघा आता उठू देत नाही. दिवा लावायचाय.

तुझी,
सांगितलं तिथेच शिक्का मारणारी,
ताई